नाट्यपद, साकी आणि ऑपेरा

सुरतेच्या पर्वत पाटिया भागात राहणाऱ्या आम्हांस मराठी संगीत नाटक भेटते ते बहुधा ध्वनिमुद्रणांतून. घरात एखादे संध्याकाळी बालगंधर्वांचे पद लावावे आणि त्यापाठोपाठ ऑपेरातील एखादे गान ऐकावे, असा योग आता दुर्मिळ राहिलेला नाही. अशा वेळी एक प्रश्न मनात उभा राहतो. नाट्यसंगीतात मुरलेल्या गायकाने प्रथमच ऑपेरा गावयास घेतला, तर त्याने आपल्या शिदोरीतील काय बरोबर न्यावे आणि काय मागे ठेवावे ?

हा प्रश्न निव्वळ कल्पनेचा नव्हे. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन १९११ साली झाले. नाव ऑपेराचे, परंतु त्याच रंगमंचावर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गाऊन गेले. १९९३ साली बंद पडलेली ही वास्तू २०१६ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा मुंबईत जन्मलेल्या गोमंतकीय कुळातील सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तेथे गायल्या. दोन्ही कला एका छपराखाली नांदल्या खऱ्या. पण एकीतून दुसरीत जाण्याची वाट कोणती, याचा विचार आपल्याकडे फारसा झाला नाही.

सामान्यतः या वाटेवरील अडचण आवाजाची मानली जाते. आपला गायक स्वतःच्या गळ्यास मानवेल तो षड्ज धरतो. ऑपेरात स्वराची उंची रचनाकाराने लिहून ठेवलेली असते. ध्वनिवर्धकावाचून पन्नाससाठ वाद्यांच्या मेळावर आवाज पोचवावयाचा, तर कंठाची ठेवणच निराळी साधावी लागते. ही अडचण मोठी आहे, परंतु ती तालमीने दूर होणारी आहे. आमच्या मते खरा भेद काळाच्या स्वामित्वाचा आहे.

नाट्यपद सुरू झाले की कथानक थांबते आणि वेळ गायकाच्या मालकीची होते. ऑर्गनवाला त्याच्या मागे जातो, तबलजी त्याच्या समेची वाट पाहतो, आणि ‘वन्स मोअर’ आला की तोच भाव पुन्हा नव्या अलंकारांनी नटतो. ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकात भास्करबुवा बखले यांच्या चालींनी आणि बालगंधर्वांच्या गळ्याने या पद्धतीस जे वैभव दिले, ते नाकारण्याचा अरसिकपणा आम्ही करणार नाही. ऑपेरात मात्र वेळ रचनेच्या मालकीची असते. निर्देशकाची छडी कोणासाठी थांबत नाही. तीन पात्रे एकाच क्षणी तीन निराळे भाव गात असतात, आणि त्यांतील एकाने तान लांबविली तर साराच डोलारा कोसळतो. पाश्चात्त्यांनाही ही शिस्त आयती मिळालेली नाही. गायकांच्या अलंकारहौसेने नाट्य झाकोळून गेले, म्हणूनच ग्लुकला १७६२ साली ‘ऑर्फेओ’द्वारे सुधारणेचा पवित्रा घ्यावा लागला.

मग आपल्या गायकाजवळ नेण्यासारखे काहीच नाही काय ? आहे, पण ते ‘स्वयंवरा’च्या मागे जाऊन शोधले पाहिजे. पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा ऑपेरा पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची स्फूर्ती झाली, असे आपला नाट्येतिहास सांगतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. या नाटकांत रागदारी पदांच्या जोडीने साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीते आहेत. त्यांत पात्रे एकमेकांशी बोलतात, निरोप देतात, भांडतात, आणि कथा पुढे सरकते. इ. स. १६०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या रचनाकारांनी ज्या गीतसंवादाच्या पायावर ऑपेरा उभारला, त्याचे हे आपल्या मातीतील भावंड होय.

हे भावंड आपण विसरलो, त्यास ध्वनिमुद्रणही कारण झाले. तीन मिनिटांच्या तबकडीवर पद मावले. दोन ओळींची साकी, संवादाविना निरर्थक म्हणून, बाहेर राहिली. आमच्यासारख्या दूरस्थांपर्यंत पोचले ते नाटकातून खुडलेले पद. ज्यांची शकुंतला आणि सुभद्रा गाजली, ते भाऊराव कोल्हटकर याच गुजरातेतील बडोद्याचे. ते १९०१ साली निवर्तले आणि हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ मध्ये. संवाद गाऊन बोलण्याची त्यांची रीत आपल्या कानांस कायमची अंतरली.

यावर कोणी म्हणेल की साकीची चाल कडव्यागणिक तीच असते. ऑपेरातील गीतसंवाद शब्दाच्या वळणाप्रमाणे वळतो. आक्षेप योग्य आहे. साकी म्हणजे ऑपेरा नव्हे. ती त्याची बाराखडी आहे. ती पुढे गिरविण्याचा यत्न मराठीत झालाही. मंगेश पाडगावकरांनी लिहिलेली आणि पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेली ‘बिल्हण’ ही आकाशवाणीची संगीतिका त्याची साक्ष देते. पण तिचेही भाग्य तेच ठरले. जितेंद्र अभिषेकींनी गायलेली तिच्यातील गीते सुटी भावगीते म्हणून घरोघर पोचली. संगीतिका मागे राहिली.

म्हणून शिक्षकबंधूंस आमची विनंती आहे. विद्यार्थ्यास ‘सौभद्रा’तील मोठी पदे अवश्य शिकवावीत, परंतु प्रवेश बसविताना काटछाटीची पहिली कात्री साकी-दिंडीवर चालवू नये. दोन विद्यार्थी समोरासमोर उभे करून, आलाप न घेता, शब्द अडखळू न देता, त्यांच्याकडून एक संपूर्ण प्रवेश गाऊन बोलून घ्यावा. हे ज्यास साधेल, तो उद्या ऑपेराच्या दारी उभा राहिला तरी परका ठरणार नाही. आणि तो त्या दारी कधीच गेला नाही, तरी किर्लोस्करांचे नाटक त्याच्या मुखातून पुन्हा नाटक म्हणून ऐकू येईल. आम्हांस त्याचे मोल अधिक वाटते.