चौकटीबाहेरची माणसे

प्रचारपट आपण सहज ओळखू, असे आपल्याला वाटते. त्यात भडक संवाद असणार, शत्रूला शिव्या असणार. पण या जातीतला सर्वांत गाजलेला चित्रपट जवळजवळ शिव्या देतच नाही. तो फक्त प्रेम दाखवतो. म्हणूनच तो अधिक घातक आहे.

लेनी रिफेन्स्टाल या जर्मन दिग्दर्शिकेचा ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ १९३५ साली प्रदर्शित झाला. सप्टेंबर १९३४ मध्ये न्यूरेंबर्गला भरलेल्या नाझी पक्षाच्या अधिवेशनाचे हे चित्रण. सुरुवातीची काही वाक्ये पडद्यावर येऊन गेली की पुढे निवेदक नाही. पहिले दृश्य ढगांचे. ढगांतून विमान उतरते, त्याची सावली शहरावरून सरकते. नेता रस्त्याने येत नाही, आकाशातून अवतरतो. मग मोटारीत उभा असलेला हिटलर आपल्याला पाठीमागून दिसतो आणि त्याचा उंचावलेला तळहात उन्हात चमकतो. एक आई मुलाला कडेवर घेऊन फुले द्यायला पुढे येते. खिडकीत एक मांजरसुद्धा बसले आहे. इतक्या घरगुती गोष्टींवर संशय कोण घेणार?

रिफेन्स्टाल आयुष्यभर सांगत राहिली की आपण जे घडले तेच टिपले. पण व्यासपीठासमोर कॅमेऱ्यासाठी खड्डे खोदले होते, रूळ टाकले होते, उंच ध्वजस्तंभाला कॅमेऱ्याची लिफ्ट जोडली होती. सुमारे १७० माणसे या कामावर होती. साठ तासांहून अधिक चित्रणातून दोन तासांपेक्षा कमी निवडले गेले. खड्ड्यातला कॅमेरा नेत्याला आकाशाची पार्श्वभूमी देतो. लिफ्टमधला कॅमेरा माणसांची रांगोळी करतो. एकाला चेहरा मिळतो, लाखोंचा चेहरा पुसला जातो. श्रमदलाच्या दृश्यात तरुण एकेक करून आपला प्रांत सांगतात, तेव्हा क्षणभर ते वेगळे दिसतात. लगेच सगळे एका सुरात बोलू लागतात. चेहरा दिला, तो परत घेण्यासाठीच.

रांगांचे सौंदर्य आपल्याला परके नाही. ईदगाहवर हजारो माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात, एकदम झुकतात. पण नमाजात इमामही त्याच जमिनीवर, त्याच दिशेला तोंड करून उभा असतो. आपल्याला दिसते ती त्याची पाठ. न्यूरेंबर्गच्या रांगांचे तोंड एका माणसाकडे आहे, आणि त्या माणसाचे तोंड कॅमेऱ्याकडे. दोष रांगेचा नाही, ती कोणापुढे उभी आहे याचा आहे.

या चित्रपटाला थोर कलाकृती म्हणण्याची प्रथा आहे. सुरुवातीची वीस मिनिटे थक्क करणारी आहेत, हे खरेच. पण पुढे संचलनामागून संचलन पाहताना कंटाळा येतो. ज्या माणसांना गोष्टच उरलेली नाही, त्यांच्याकडे किती वेळ पाहणार?

अधिक महत्त्वाचे आहे ते पडद्यावर नसलेले. ३० जून १९३४ रोजी सुरू झालेल्या हत्याकांडात हिटलरने स्वतःच्याच सहकाऱ्यांचा काटा काढला. एर्न्स्ट र्‍योम हा त्यांतला एक. आदल्या वर्षीच्या अधिवेशनावरील रिफेन्स्टालच्याच चित्रपटात तो हिटलरशेजारी होता; मग तो चित्रपटही मागे घेतला गेला. आणि ज्यू? वांशिक शुद्धतेचा एक ओझरता उल्लेख सोडला तर ते इथे नाहीतच. हसणाऱ्या त्या शहरात त्यांचे घर, दुकान, मूल काहीच दिसत नाही. १९३५च्या सप्टेंबरात त्याच न्यूरेंबर्गमध्ये कायदे झाले आणि त्यांचे नागरिकत्व गेले. कायद्याने जे केले, ते कॅमेऱ्याने वर्षभर आधीच करून ठेवले होते.

१९४० साली ज्यूंना उंदरांच्या शेजारी दाखवणारा चित्रपटही नाझींनी काढला. तसल्या चित्रपटाचा निषेध करता येतो. आनंदाने भरलेल्या पडद्याचा निषेध कसा करायचा? त्याला एकच प्रश्न विचारता येतो. गर्दीत सगळे हसत आहेत, पण या गावात राहणारे कोण या गर्दीत नाही?