उकिरड्यावरचे मूल : दिल्लीत रचलेल्या डोगा-चित्रकथांतील मुंबई

१

दिल्लीच्या उत्तर सीमेवरील बुराडी येथून १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या राज कॉमिक्सच्या हिंदी चित्रकथा आता पुनर्मुद्रित संग्रहांच्या रूपाने पुन्हा वाचकांसमोर आल्या आहेत. रेल्वेस्थानकावरील दुकानात विकत वा गल्लीतल्या वाचनालयातून भाड्याने घेऊन एका बैठकीत संपवायचे आणि परत करायचे, हे या अंकांचे मूळ वाचन होते. संग्रहरूपात ते सलग वाचता येतात, आणि सलग वाचल्यावर सुट्या अंकांत न जाणवणारे काही आकृतिबंध स्पष्ट होतात. त्यांपैकी एकाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या प्रकाशनसंस्थेचा अत्यंत लोकप्रिय नायक डोगा हा मुंबईचा आहे. मुंबई हे त्याचे केवळ निवासस्थान नसून त्याच्या अस्तित्वाचे कारण आहे. ही मुंबई दिल्लीत, हिंदीत आणि मुख्यतः हिंदीभाषी वाचकासाठी रचली गेली. मराठी साहित्याने ज्या शहराचे चित्रण शतकभर केले, त्याच शहराची ही समांतर निर्मिती आहे. तौलनिक साहित्याभ्यासाने तिची दखल घ्यायला हवी होती. ती घेतली गेली नाही, याचे कारण साहित्यप्रकारांच्या आपल्या उतरंडीत आहे. चित्रकथा ही बालवाङ्मयात टाकायची आणि बालवाङ्मयाचा विचार संस्कारमूल्यापुरता करायचा, अशी मराठी समीक्षेची रीत राहिली आहे.

२

राजकुमार गुप्ता यांनी उभारलेल्या या संस्थेचे संपादन, कथाकल्पन आणि विस्तार त्यांच्या मुलांनी, संजय, मनोज आणि मनीष गुप्ता यांनी केला. पुढे २०२०च्या सुमारास तिघांची प्रकाशने स्वतंत्र झाली. संस्थेचा पहिला नायक नागराज १९८६ मध्ये आला. अमेरिकेत फ्रँक मिलरची बॅटमनकथा आणि अॅलन मूर-डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ ज्या वर्षी सुपरहीरोच्या नैतिकतेलाच प्रश्न विचारू लागली, तेच हे वर्ष. तिकडे एका परंपरेची उलटतपासणी सुरू होत असताना इकडे ती परंपरा रुजत होती. म्हणून भारतीय सुपरहीरोला ‘उशिरा आलेली नक्कल’ ठरवणे सोपे असते. प्रत्यक्षात नागराजच्या घडणीत अमेरिकी नमुन्याइतकाच देशी कथाद्रव्याचा वाटा आहे. विषारी देह, शरीरात वास करणारे सर्प आणि दुष्टाच्या ताब्यातून त्याला सोडवणारे बाबा गोरखनाथ, ही सामग्री नाथपंथीय आख्यानांच्या लोकस्मृतीतून येते.

मराठी अभ्यासकाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. नागराजचे प्रारंभीचे दृश्यरूप पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी सिद्ध केले. अमर चित्र कथेच्या अनेक अंकांतून त्यांची रेषा आधीच परिचित होती. त्यांच्यासोबत मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे यांची नावे राज कॉमिक्सच्या श्रेयनामावलीत वारंवार आढळतात. म्हणजे दिल्लीच्या या हिंदी महानायकाचा पहिला देह बऱ्याच अंशी मराठी हातांनी काढला आहे. भाषिक साहित्याचा इतिहास केवळ शब्दांच्या आधारे लिहिला तर हा व्यवहार त्यात कोठेच बसत नाही. चित्रकथेत मात्र चित्रकार हा सहलेखकच असतो, आणि तेथे भाषांच्या सीमा निराळ्या रीतीने ओलांडल्या जातात.

३

राज कॉमिक्सचे कथाभूगोल दोन प्रकारचे आहेत. अनुपम सिन्हा यांचा, १९८७ मध्ये अवतरलेला सुपर कमांडो ध्रुव राजनगरात राहतो आणि नागराज महानगरात स्थिरावतो. ही दोन्ही शहरे काल्पनिक आहेत आणि त्यांची जात सुपरमॅनच्या मेट्रोपोलिसची वा बॅटमनच्या गॉथमची आहे. याउलट परमाणू दिल्लीचा आणि डोगा मुंबईचा. येथे नकाशावरचे खरे शहर घेतले आहे, जसे मार्व्हलच्या कथांनी १९६०च्या दशकापासून न्यूयॉर्क घेतले.

दोन खऱ्या शहरांच्या वाट्याला आलेले नायक एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. दिल्लीचा परमाणू हा दिवसा पोलीस इन्स्पेक्टर विनय आहे. त्याची शक्ती अणुविज्ञानातून येते आणि त्याचे मुखवट्याखालचे आयुष्य राज्यसंस्थेच्या गणवेशात जाते. मुंबईच्या डोगाजवळ अलौकिक शक्ती नाही. पिळदार शरीर, बंदुका, श्वानमुखवटा आणि शहरातील भटक्या कुत्र्यांची साथ एवढेच त्याचे बळ आहे. तो रस्त्याने कमी आणि गटारांतून अधिक फिरतो. न्यायालय वा तुरुंग यांवर त्याचा विश्वास नाही, तो ठार मारतो. राजधानीच्या कल्पनेत राजधानीचा रक्षक कायद्याच्या आत उभा राहतो आणि मुंबईचा रक्षक कायद्याच्या खाली, शब्दशः भूमिगत, राहतो. दिल्ली हे शासनाचे शहर आणि मुंबई हे गुन्ह्याचे शहर, ही वाटणी हिंदी चित्रपटाने आधीच रूढ केली होती. चित्रकथेने ती आयती स्वीकारली आणि नायकाच्या शरीररचनेपर्यंत नेली.

४

संजय गुप्ता यांच्या कल्पनेतून, तरुणकुमार वाही यांच्या लेखनातून आणि मनू यांच्या चित्रांतून साकारलेल्या डोगाची जन्मकथा या मालिकेचा सर्वांत समर्थ भाग आहे. कचऱ्याच्या ढिगाऱ्यात टाकलेले एक तान्हे मूल चंबळचा दरोडेखोर हलकानसिंह याच्या हाती लागते. तो त्याला माणसासारखे नव्हे, तर कुत्र्यासारखे वाढवतो. हे मूल पुढे मुंबईत सूरज या नावाने वावरते. अदरक चाचांच्या व्यायामशाळेत त्याचे शरीर घडते आणि धनिया, हल्दी, काली मिर्च अशी स्वयंपाकघरातली नावे धारण करणारे इतर चाचा त्याला लढण्याच्या विद्या देतात. बालवयात ज्या शब्दाने त्याला हिणवले गेले, तोच शब्द तो मुखवटा म्हणून चेहऱ्यावर चढवतो. अवहेलनेच्या चिन्हाला ओळख बनवण्याची ही क्रिया कोणत्याही गंभीर साहित्याला परकी नाही.

उकिरड्यावरचे मूल हा आशयबीजाचा धागा मराठी वाचकाला दोन ठिकाणी घेऊन जातो. पहिले ठिकाण ‘नवनाथ भक्तिसार’. मच्छिंद्रनाथांनी दिलेली विभूती स्त्रीने अविश्वासाने उकिरड्यात टाकली आणि बारा वर्षांनी नाथांनी हाक घालताच त्याच उकिरड्यातून गोरक्ष बाहेर आला, अशी ही कथा आहे. तेथे उकिरडा हा गर्भ आहे. टाकलेले ते वाया जात नाही, आणि गुरूची हाक आली की घाणीतूनही योगी उठतो, असा तिचा आशय. दुसरे ठिकाण आख्यान नसून चरित्र आहे. नारायण सुर्वे हे टाकून दिलेले मूल होते. गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार दांपत्याने त्यांना आपले नाव दिले. मुंबईचा रस्ता आणि गिरणी हेच ज्याचे शिक्षण, असा हा कवी ‘माझे विद्यापीठ’ या संग्रहापर्यंत पोचला (१९६६).

या तिन्ही ठिकाणी निर्णायक प्रश्न एकच आहे : टाकलेल्या मुलाला उचलते कोण? गोरक्षाला गुरू उचलतो आणि त्याला परंपरा मिळते. सुर्व्यांना कामगार उचलतो आणि त्यांना वर्ग मिळतो, म्हणजे आपल्यासारख्यांच्या समूहात जागा आणि त्या समूहाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळतो. डोगाला दरोडेखोर उचलतो आणि त्याला केवळ शत्रू मिळतो. त्याच्याभोवती चाचा आहेत, कुत्रे आहेत. परंतु समूह नाही. म्हणून त्याच्या वाट्याला भाषा येत नाही, कृती येते. एकाच आशयबीजाची ही तीन रूपे तीन काळांतील शहरकल्पनांचा फरक स्पष्ट करतात.

५

डोगा येतो चंबळहून. मुंबईकडे पाहण्याची त्याची दिशाच उत्तरेकडून येणाऱ्या स्थलांतरिताची आहे. या दृष्टीने डोगा-चित्रकथा ही स्थलांतराची कथा आहे आणि मुंबईला कधीही न गेलेल्या असंख्य हिंदी वाचकांसाठी ती मुंबईची पहिली ओळख ठरली असणे शक्य आहे. एवढ्यापुरते तिचे मोल मान्य केलेच पाहिजे.

परंतु या मुंबईत काय नाही, हेही पाहिले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडून पडला. डोगा अवतरला तेव्हा त्या घटनेला जेमतेम दहा वर्षे झाली होती. मराठीत जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) याच मोडतोडीतून आले. बेकार झालेल्या कामगाराच्या घरातून टोळीत जाणारा मुलगा त्या नाटकात ज्या अपरिहार्यतेने घडतो, ती अपरिहार्यता डोगाच्या खलपात्रांना नाही. डोगाकथेतला गुंड हा बहुधा तयार गुंड म्हणूनच चौकटीत प्रवेश करतो. त्याच्यामागे घर नसते, बंद पडलेली गिरणी नसते. बाबुराव बागूल, भाऊ पाध्ये, नामदेव ढसाळ यांनी ज्या वस्त्यांना माणसांसह साहित्यात आणले, त्या वस्त्या येथे पार्श्वभूमीचे रेखाटन होऊन राहतात. भाषेचेही तसेच. मुंबईची म्हणून जी बोली संवादफुग्यांत येते, ती रस्त्यावरून कमी आणि चित्रपटगृहातून अधिक आलेली आहे. मराठी ही या शहराची एक जिवंत भाषा आहे, याचा प्रत्यय क्वचितच येतो.

हा आक्षेप अस्मितेचा नाही. ढसाळांची मुंबई ही काही भाषिक अभिमानाची मुंबई नव्हती, ती अनेक भाषांची आणि अनेक जातींची होती. आक्षेप आहे तो कलात्मक. शहर हेच नायकाच्या क्रोधाचे कारण असेल, तर शहराची घडण कथेला ठाऊक असली पाहिजे. ती ठाऊक नसेल तर क्रोध निराधार होतो आणि हिंसा ही केवळ सवय उरते.

६

येथे मुख्य प्रश्न उपस्थित होतो. उम्बेर्तो एको यांनी १९६२ मधील सुपरमॅनविषयक निबंधात असे दाखवले की, अमर्याद शक्ती असलेला हा नायक आपल्या गावातील चोरांशी लढतो. मात्र व्यवस्थेच्या प्रश्नाला हात घालत नाही. त्याला नागरी भान असते, राजकीय भान नसते. डोगा वरकरणी याला अपवाद वाटतो, कारण भ्रष्ट पोलीस आणि पुढारी हेही त्याचे लक्ष्य आहेत. तथापि तो व्यवस्थेला व्यक्तींच्या बेरजेत रूपांतरित करतो आणि एकेक व्यक्ती वजा करत जातो. बेरीज अर्थातच संपत नाही, कारण मालिका चालू राहायची असते.

पहिल्या डोगाकथेचे नाव ‘कर्फ्यू’. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगली आणि १२ मार्च १९९३चे बॉम्बस्फोट यांनंतर या शब्दाला मुंबईत जो अर्थ आला, तो वगळून आज हे शीर्षक वाचता येत नाही. त्याच दशकात मुंबई पोलिसांच्या चकमकी हा सार्वजनिक चर्चेचा आणि बऱ्याच अंशी सार्वजनिक कौतुकाचा विषय झाला. खटल्याशिवाय मिळणारा मृत्यू न्याय्य वाटण्याची जी मानसिकता त्या काळात बळावली, तिला डोगा बालवाचकाच्या पातळीवर नायकत्व देतो. चित्रकथांनी मुले बिघडतात, हा फ्रेडरिक वर्थम यांच्या १९५४च्या पुस्तकातील धाटणीचा आरोप येथे अभिप्रेत नाही. वाचक बिघडला की नाही हा समीक्षेचा प्रश्न नव्हे. कथेला आपल्या हिंसेची किंमत ठाऊक आहे की नाही, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

याचे उत्तर संमिश्र आहे. डोगाचे सर्वोत्तम अंक ते, ज्यांत सूरजला स्वतःचा बालपणीचा अपमान आठवतो आणि मुखवटा संरक्षण आहे की शिक्षा, असा संशय उत्पन्न होतो. मनूंच्या रेषेतील जडशीळ, चौकट फोडू पाहणारे शरीर अशा वेळी सामर्थ्याचे नव्हे, तर कोंडलेपणाचे चित्र होते. शिवाय प्रकाशनसंस्थेजवळ या नायकाचा प्रतिवादही होता. ध्रुवजवळही अलौकिक शक्ती नाही, तो सर्कशीत वाढलेला अनाथ आहे. परंतु तो बुद्धीने लढतो आणि जीव घेत नाही. तेव्हा डोगा हा एकमेव शक्य मार्ग होता, असे त्याच विश्वात म्हणता येत नाही. दुर्बल अंक ते, ज्यांत हा प्रतिवाद विसरला जातो आणि मृतांची संख्या तेवढी वाढते. अशा अंकांचे प्रमाण कमी नाही.

७

तुलनेसाठी आणखी एक मुंबई उपलब्ध आहे. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ सादर केला. त्याचा नायक पवित्र प्रभाकर खेड्यातून मुंबईत शिकायला येतो. ही अमेरिकी संहितेची भारतीय आवृत्ती असल्याने तिला मुंबई हवी होती ती न्यूयॉर्कच्या जागी. धोतर, योगी आणि असुर ही भारतीयत्वाची चिन्हे तिने वरून लावली. त्या तुलनेत डोगाची मुंबई अधिक ओबडधोबड आणि अपुरी असली, तरी ती कशाच्या जागी आलेली नाही. ती उत्तर भारतीय वाचकाच्या स्वतःच्या भयातून आणि आकांक्षेतून निघाली आहे. म्हणूनच तिची मर्यादा दाखवणे सार्थ ठरते.

मराठीतही या नायकाची पूर्वतयारी नव्हती असे नाही. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड कायद्याच्या काठावरच वावरत होते. १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने फँटमला ‘वेताळ’ हे अस्सल नाव देऊन मराठी घरांत आणले होते. तरीही मुंबईचा चित्रकथानायक मराठीत घडला नाही, दिल्लीत घडला. मराठीजवळ चित्रकार होते, नायक होते, शहराचे सखोल ज्ञान होते. त्यांना एकत्र आणणारा प्रकाशनव्यवहार नव्हता. दिल्लीजवळ तो व्यवहार होता, शहराचे ज्ञान नव्हते. बागूल-ढसाळांची मुंबई डोगाच्या कर्त्यांपर्यंत पोचली नाही आणि डोगा मराठी समीक्षेपर्यंत पोचला नाही. दोन्ही भाषांनी एकाच उकिरड्यावरच्या मुलाची गोष्ट सांगितली, पण एकमेकींची ऐकली नाही. तौलनिक अभ्यासाचे काम नेमके येथून सुरू होते.