‘दांभिक’ हा आक्षेप आणि त्याचे उत्तर : गुरुचरित्रातील त्रिविक्रमभारती-प्रसंगाचा विचार

मोठेपणा मिरवतो असा आरोप ज्याच्यावर होतो, त्याची अवस्था अवघड असते. आरोप नाकारावा तर स्वतःविषयीच बोलावे लागते आणि बोलणे लांबले की आरोपाला पुरावा मिळतो. गप्प राहावे तर मौनालाही ताठा समजले जाते. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्र’ या ग्रंथाच्या २३व्या आणि २४व्या अध्यायांत नेमका हाच पेच चरित्रनायकापुढे उभा राहतो. या प्रसंगाकडे आजवर मुख्यतः चमत्कारकथा म्हणून पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात आक्षेप आणि त्याचे उत्तर या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

प्रसंग असा. श्रीनृसिंहसरस्वती गाणगापुरास आले ते प्रथम भीमा-अमरजा संगमावर गुप्तपणे राहिले. गावातील एका दरिद्री ब्राह्मणाच्या वांझ म्हशीने दूध दिल्याची वार्ता पसरली आणि गावच्या राजाने त्यांना आदराने गावात आणले. मठ झाला, संगमावर जाण्यायेण्यासाठी पालखी आली, पालखीबरोबर वाद्ये, सैन्य आणि इतर लवाजमाही आला. जवळच्या कुमसी गावी त्रिविक्रमभारती नावाचा यती राहत असे. तो तीन वेदांचा जाणकार व नृसिंहाचा उपासक होता. संन्याशाला पालखी कशाला, असा त्याचा प्रश्न होता. हा यती दांभिक आहे असे तो उघडपणे म्हणू लागला.

येथे ग्रंथकाराने आक्षेपकाला दुर्जन ठरविलेले नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. त्रिविक्रमभारतीला मठाचा हेवा वाटतो असे ग्रंथ सुचवीत नाही. संन्यासधर्माच्या परिग्रहत्यागाच्या कल्पनेला धरूनच तो बोलतो आहे. आजच्या वाचकालाही त्याचा प्रश्न रास्त वाटेल. किंबहुना अनेक मठांच्या संदर्भात तो आजही विचारला जातो.

या आक्षेपाचे वजन ध्यानात यायचे असेल तर ग्रंथातील आधीचे अध्याय, म्हणजे आजच्या शिरोळ तालुक्यातील कृष्णा-पंचगंगा संगमावर घडणारे प्रसंग, शेजारी ठेवून पाहावे लागतात. नृसिंहवाडीच्या या परिसरात श्रीगुरूंचे वास्तव्य १२ वर्षे झाले असे संप्रदाय मानतो. या काळात पालखीचा मागमूसही नाही. १८व्या अध्यायात अमरापुरातील, म्हणजे नदीपलीकडील औरवाड भागातील, एका निर्धन ब्राह्मणाच्या घरी ते भिक्षेला जातात. घरात धान्य नाही. गृहिणी दारच्या वेलावरील घेवड्याच्या शेंगा शिजवून वाढते. जाताना श्रीगुरू तो वेलच उपटून टाकतात. कुटुंबाचा आधार गेला म्हणून घरात रडारड होते, पण वेलाचे मूळ खणताना द्रव्याचा कुंभ सापडतो. ब्राह्मण धावत संगमावर येतो, तेव्हा त्याला मिळणारी पहिली आज्ञा ही गोष्ट कोणाला न सांगण्याची असते. पुढच्याच अध्यायात गंगानुज नावाच्या शेतकऱ्यालाही पाहिलेले गुपित ठेवण्यास सांगितले जाते. २०व्या अध्यायात प्रत्यक्ष शिरोळच्या गंगाधर नामक ब्राह्मणाची व त्याच्या पत्नीची कथा येते. तिची मुले जगत नाहीत. दुःखनिवारणासाठी ती औदुंबराची सेवा करते. श्रीगुरू तिला भेटतात ते स्वप्नात. तेथेही दरबार नाही, लवाजमा नाही.

शिरोळ गावात दत्ताचे जे भोजनपात्र मंदिर आहे, त्यामागची स्थानिक श्रद्धा याच वळणाची आहे. भिक्षेला आलेल्या यतीला वाढायला पात्र नव्हते, म्हणून त्यांनी दगडावरच भोजन केले आणि त्यांच्या बोटांच्या खुणा त्यावर राहिल्या, असे भाविक सांगतात. ही लोकश्रद्धा आहे, ऐतिहासिक पुरावा नव्हे, हे उघड आहे. मात्र लोकांनी आपल्या गावासाठी गुरूचे कोणते रूप निवडले, हे त्यातून कळते. त्यांनी जपून ठेवली ती जेवणाची शिळा.

तेव्हा त्रिविक्रमभारतीला दिसणारा विरोध ग्रंथाच्या रचनेतच आहे. कृष्णाकाठी ‘सांगू नको’ म्हणणारा गुरू भीमाकाठी वाजतगाजत निघतो. ग्रंथकार या बदलाचे समर्थन राजाच्या भक्तीने आणि प्रकट होण्याचा काळ आला या कल्पनेने करतो. राजाने दिले म्हणून घेतले, हे उत्तर मात्र अपुरे आहे. नाकारता आले असते, असे कोणीही म्हणेल. कदाचित म्हणूनच स्वतंत्र आक्षेपक आणून त्याच्याकरवी हा प्रश्न उघड विचारून घेणे ग्रंथकाराला आवश्यक वाटले असावे.

आता उत्तराकडे वळू. श्रीगुरू आक्षेपकाला मठात बोलावून घेत नाहीत, तर स्वतः कुमसीला जातात. पण जातात ते त्याच लवाजम्यासह. टीका झाली म्हणून पालखी एक दिवसही बाजूला ठेवलेली नाही. इकडे त्रिविक्रमभारती मानसपूजेस बसला आहे आणि त्या दिवशी नृसिंहाची मूर्ती त्याच्या मनात येईना. अस्वस्थ होऊन तो पाहतो, तर दुरून येणारे सारे सैन्य त्याला दंडधारी यतींचे दिसते. सगळे एकसारखे. यांत गुरू कोण, वंदन कोणाला करावे, हेच त्याला उमगत नाही.

संपूर्ण प्रसंगाचे मर्म या दृश्यात आहे. टीकाकार त्याची तुलना गीतेच्या ११व्या अध्यायातील विश्वरूपदर्शनाशी करतात आणि ग्रंथाचा रोखही तोच आहे. तरीही दोहोंत मोठा फरक आहे. अर्जुनाला दिसते ते एकच अफाट रूप. त्रिविक्रमभारतीला मात्र सारखी दिसणारी असंख्य माणसे दिसतात, आणि पालखीतला त्या गर्दीत हरवलेला असतो. ‘तू फार मोठा होऊन बसला आहेस’ या आरोपाला येथे मिळालेले उत्तर वेगळे दिसण्यास नकार देण्याचे आहे. ऐश्वर्य नाहीसे झालेले नाही. त्याचा मालक कोण, हे सांगता येईनासे झाले आहे. मध्ययुगीन मराठी चरित्रवाङ्मयात इतकी सूक्ष्म कल्पना क्वचितच आढळते. त्रिविक्रमभारती खरे रूप दाखवण्याची विनवणी करतो, तेव्हा पालखी पुन्हा दिसते आणि तीत श्रीगुरू बसलेले असतात. म्हणजे वंदनासाठी एक मूर्ती हवी, ही गरज भक्ताची आहे.

त्यानंतर श्रीगुरू त्याला विचारतात की, तू आम्हांस दांभिक म्हणतोस, तर दांभिक म्हणजे काय ते सांग. शास्त्रज्ञ यतीला हा प्रश्न जड नव्हता. गीतेच्या १६व्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना दंभापासूनच सुरू होते, पुढे दर्प आणि अभिमान येतात. ज्ञानेश्वरीत त्यांचा दृष्टांतांसह विस्तार आहे. परंतु त्रिविक्रमभारती व्याख्या न करता स्तुती करू लागतो. वादाच्या दृष्टीने हा प्रसंगाचा दुबळा भाग होय. प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर भक्तीच्या पुरात वाहून गेले.

व्याख्या केली असती तर एक अडचण उभी राहिली असती. दंभ म्हणजे नसलेले दाखवणे. दर्प म्हणजे असलेल्याचा माज. दर्शनाने दंभाचा आरोप पुरता खोडला जातो, कारण जे दाखविले जाते ते खरोखरच आहे असे ग्रंथ सिद्ध करतो. पण ज्याच्यापाशी सामर्थ्य खरेच आहे, त्याने ते मिरवावे का, हा दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. उलट सामर्थ्य दाखवून आरोप मिटवणे, हे त्या दुसऱ्या आरोपाच्या जवळच जाते. मनातील आराध्यमूर्तीच झाकली गेल्यावर आक्षेपकाने युक्तिवाद काय करावा?

हा उरलेला प्रश्न ग्रंथकाराला अगदीच जाणवला नव्हता असे म्हणता येत नाही. लगेच पुढे, २५व्या अध्यायापासून, मदोन्मत्त विद्वानांची कथा सुरू होते. द्रव्यासाठी यवन राजापुढे वेद म्हणून मानमरातब मिळवलेले दोन विप्र जयपत्रे गोळा करीत त्याच त्रिविक्रमभारतीकडे येतात आणि वाद कर, नाहीतर जयपत्र लिहून दे, असे म्हणतात. कालपर्यंत दुसऱ्याला दांभिक म्हणणारा हा यती आता आपल्याला काही येत नाही असे सांगतो आणि त्यांना गाणगापुरास घेऊन निघतो. वाटेत विप्र वाहनात बसलेले आहेत आणि यती पायी चालतो आहे. पालखीची प्रतिमा येथे उलटी फिरते. बसणाऱ्याच्या वृत्तीने वाहनाचा अर्थ बदलतो, हे कुमसीत न दिलेले उत्तर कथेच्या मांडणीतून येथे दिले जाते आणि ते स्तुतीपेक्षा अधिक पटते.

मात्र या कथेचा शेवट निर्दोष नाही. विप्रांचा गर्व उतरवण्यासाठी श्रीगुरू वाटेने जाणाऱ्या एका पतिताला बोलावतात, जमिनीवर सात रेघा ओढून त्याला त्या ओलांडायला लावतात. प्रत्येक रेघेबरोबर त्याला मागचा जन्म आठवतो आणि सातव्या रेघेपाशी तो वेद म्हणू लागतो. पंडित हरतात. पण २८व्या अध्यायात त्याच्या अंगावरील भस्म धुतले जाते, ज्ञान ओसरते आणि त्याला आपल्या वस्तीत परत जावे लागते. पंडितांच्या जन्मजात अहंकाराला धडा देणारा ग्रंथ त्या अहंकाराचा पाया असलेल्या उतरंडीला हात लावत नाही. कुमसीला सारे सैन्य एका रूपाचे दिसले होते. गाणगापुरात या एका माणसाला ते रूप संध्याकाळपर्यंतही ठेवता आले नाही.