वाढत्या चेहऱ्याचे अस्थिभंग : उपचाराच्या कसोटीचा विचार

चेहऱ्याच्या अस्थिभंगांचे शास्त्र प्रौढाच्या कवटीवर उभे राहिले आहे. फ्रेंच शल्यवैद्य रने ल फोर यांनी १९०१ मध्ये प्रेतांच्या मस्तकांवर आघात करून वरच्या जबड्याच्या भंगरेषांचे तीन प्रकार निश्चित केले. पुढे १९७८ मध्ये स्ट्रासबुर्गचे मॅक्सिम शांपी व त्यांचे सहकारी यांनी खालच्या जबड्यावर धातूच्या लहान पट्ट्या कोणत्या रेषांवर बसवाव्यात, हे मांडले. दोन्ही कार्ये मोलाची आहेत. तथापि ती लहान मुलाच्या चेहऱ्याला जशीच्या तशी लावता येतात काय, हा प्रश्न पाठ्यग्रंथांतील ‘बालरुग्ण’ या छोट्या प्रकरणात बहुधा गुंडाळला जातो. वस्तुतः विवेचनाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

जन्मसमयी चेहरा व मस्तक यांच्या आकारमानाचे प्रमाण सुमारे १:८ असते. प्रौढपणी ते सुमारे १:२ होते. लहान मुलाचा चेहरा पुढे आलेल्या कपाळाखाली जणू आश्रयाला असतो. हाडांतील वायुकोटरे अविकसित असतात, जबडे दंतांकुरांनी भरलेले असतात आणि हाड हिरव्या फांदीसारखे मोडण्यापूर्वी वाकते. म्हणून ल फोर यांच्या रेषा कोवळ्या वयात शुद्ध रूपात क्वचितच आढळतात. शांपी यांची रेषा दातांच्या मुळांच्या टोकांखालून जाते. मुलाच्या जबड्यात त्याच जागी कायमच्या दातांचे अंकुर असतात. तेथे पट्टी बसविणे अटळच झाले, तर ती जबड्याच्या खालच्या कडेला, आखूड स्क्रूंनी बसवावी लागते. प्रौढाचा नियम येथे केवळ लहान मापाचा करून चालत नाही. तो बदलावाच लागतो.

या प्रश्नाची खरी परीक्षा जबड्याच्या सांध्यापाशी होते. मूल हनुवटीवर पडते, आघात वर चढतो आणि खालच्या जबड्याचा जो गोल शेंडा सांध्यात फिरतो, तो कॉण्डाइल मोडतो. बाहेर दिसते ती हनुवटीवरील लहानशी जखम. तिला टाका पडतो आणि सांधा न तपासताच मूल घरी जाते.

कॉण्डाइल हेच जबड्याच्या वाढीचे केंद्र होय, असे मत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रबळ होते. ते खरे मानले, तर सरकलेला कॉण्डाइल शस्त्रक्रियेने जागेवर आणणे क्रमप्राप्त ठरते. १९६० नंतर मेल्विन मॉस यांनी याच्या उलट प्रतिपादन केले : हाड स्वतःहून वाढत नाही, स्नायू, श्वसन, चर्वण यांच्या कार्याला अनुसरून ते वाढते. कोवळ्या वयात सरकलेला कॉण्डाइल चीर न देता केलेल्या उपचारानेही पुष्कळदा नव्याने घडतो, या अनुभवाला मॉस यांच्या मताने आधार मिळतो. परंतु हा अनुभव सार्वत्रिक नाही. बालपणी लक्षात न आलेला कॉण्डाइलचा भंग पुढील काळातील जबड्याच्या वैगुण्याचे कारण असू शकतो, हे विल्यम प्रॉफिट व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये निदर्शनास आणले.

यावरून दोन्ही टोकांची उणीव दिसून येते. एक पक्ष क्ष-किरण चित्रातील सरळ रेषेलाच उपचाराचे साध्य मानतो. दुसरा ‘मूल आहे, भरून येईल’ म्हणून स्वस्थ बसतो. दुसऱ्या पक्षाची चूक अधिक घातक आहे; कारण ती ‘सौम्य उपचार’ या प्रतिष्ठित शब्दाआड लपते. सौम्य उपचार म्हणजे उपचाराचा अभाव नव्हे. मुलाचे हाड लवकर जुळू लागते, म्हणून निर्णय पहिल्या काही दिवसांतच व्हावा लागतो. जबडा बांधावाच लागला, तर तो एक-दोन आठवड्यांपलीकडे बांधून ठेवू नये. त्यानंतर तोंड उघडण्याचा व्यायाम नेटाने करवून घ्यावा. बांधण्याचे साधनही निराळे असते : दुधाचे दात आखूड व निमुळते असल्याने त्यांवर तार टिकत नाही, तेथे अॅक्रिलिकचा साचा उपयोगी पडतो.

या शिस्तीत ढिलाई झाल्यास काय घडते, हे सर्वज्ञात आहे. विशेषतः अगदी लहान वयात सांध्यात साकळलेल्या रक्ताचे पुढे हाड बनते आणि सांधा जखडतो. तोंड उघडत नाही, अन्न चावता येत नाही, दात स्वच्छ राहत नाहीत. हनुवटी मागे राहते व झोपेत श्वास कोंडतो. क्षुल्लक वाटलेल्या पडण्याची ही किंमत मूल आयुष्यभर मोजते.

तात्पर्य, येथे यशाची कसोटीच बदलली पाहिजे. सहा आठवड्यांनंतरचे चित्र केवळ हाड जुळल्याचे सांगते. चेहरा वाढला की नाही, हे सांगत नाही. तोंड किती मिलिमीटर उघडते, उघडताना हनुवटी कोणत्या बाजूस वळते, दातांची जुळणी टिकली काय आणि जबड्याच्या दोन्ही बाजूंची उंची समान राहिली काय, याची नोंद वाढ पूर्ण होईपर्यंत ठरावीक अंतराने व्हावयास हवी. अशा नोंदीवाचून एका पद्धतीला श्रेष्ठ व दुसरीला कनिष्ठ ठरविणारे निबंध पुराव्याच्या पहिल्या पानावरच थांबलेले असतात. प्रौढाचा अस्थिभंग बरा झाला की प्रकरण संपते. मुलाच्या बाबतीत ते तेथे सुरू होते.