चौकट, चेहरा आणि आपला वाचक

दलित साहित्याच्या समीक्षेत कविता, कथा आणि आत्मकथन यांची चर्चा विपुल झाली. चित्राची चर्चा मात्र अपवादानेच झाली. वस्तुतः आपल्या समाजात पुस्तकाच्या आधी चित्र पोहोचले. ज्या घरात अक्षर नव्हते त्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तेव्हा बाबासाहेबांचे जीवन चित्रांतून सांगणारे पुस्तक हाती आले की त्याची तपासणी केवळ रंगरेषांच्या कसोटीवर करून भागत नाही. ते कोणासाठी काढले आहे आणि ज्याचे दुःख त्यात रेखाटले आहे तो माणूस ते कसे वाचतो, हे प्रश्न मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

या दृष्टीने दोन पुस्तके विचारात घेतली पाहिजेत. पहिले 'अमर चित्र कथा' मालिकेतील बाबासाहेबांचे चरित्र. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ साली सुरू झालेल्या या मालिकेत देवादिक, राजे आणि संत यांची रीघ लागल्यानंतर १९७९ साली बाबासाहेबांची पाळी आली. संहिता एस. एस. रेगे यांची, चित्रे दिलीप कदम यांची. त्याच्या आदल्याच वर्षी, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाल्यावर, मराठवाड्यात आपली घरे जळत होती. त्या पुस्तकाची रीत मालिकेची ठरलेली रीत आहे: पानावर आखलेले चौकोन, वर निवेदनाची पट्टी, आणि चौकोनामागून चौकोन चढत जाणारा एक नायक. बाबासाहेबांचा चेहरा त्यात ओळखीचा आहे. परंतु या रीतीत एका असामान्य पुरुषाचे कर्तृत्व जेवढे मावते तेवढा त्याच्यामागचा समाज मावत नाही. तो पार्श्वभूमीला उभा राहतो.

दुसरे पुस्तक 'भीमायन'. 'नवयान' प्रकाशनाने ते २०११ साली काढले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड दांपत्याची. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. परंतु त्यांची कला पुरस्काराच्या दालनात जन्मलेली नाही. ती घराच्या भिंतीवर आणि सारवलेल्या जमिनीवर काढल्या जाणाऱ्या 'डिगना'तून आली आहे. परधान हे गोंडांचे कथेकरी. आपल्या शेजारच्या किनवट-माहूर भागात परधानांची वस्ती आहे, म्हणून हे चित्रकार आपल्याला अगदीच परके नव्हेत.

या दांपत्याने आरंभीच एक अट घातली: आम्ही माणसांना चौकोनात कोंडणार नाही, त्यात त्यांचा जीव गुदमरतो. हा केवळ शैलीचा हट्ट नाही. गावकुसाने ज्यांना बाहेर ठेवले आणि नियमांनी आत कोंडले, त्यांची कथा सांगताना चौकोन नाकारणे ही एक भूमिका आहे. पुस्तकाचे पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग आहेत. पाण्याच्या भागात तहानलेल्या भीमाचे धड मासा होते. महाडच्या सभेत ध्वनिक्षेपकातून शब्दांऐवजी पाण्याचे तुषार उडतात. संवादाचे फुगेही तीन तऱ्हेचे आहेत: सोसणाऱ्यांचे बोलणे पक्ष्याच्या आकारात, दुखवणाऱ्यांचे विंचवाच्या नांगीसह, आणि मनातल्या विचाराला डोळा.

येलदरीत मी हे पुस्तक काही तरुण, शाळेतील मुले आणि शेतमजूर स्त्रिया यांच्यासमोर उघडले. माझी प्रत इंग्रजी होती. मजकूर मी मराठीत सांगत गेलो. प्रतिक्रिया मात्र मजकुराआधी चित्रांवरच आल्या. नांगीचा फुगा मी समजावून सांगण्याआधीच एक वृद्ध बाई म्हणाल्या, "ह्याचं बोलणं डंख मारायलंय." त्यांना अक्षर येत नव्हते. प्रस्थापित समीक्षक ज्याला प्रायोगिक म्हणून बाजूला ठेवील ते त्यांनी क्षणात वाचले. निरक्षर वाचकाला अवघड रूप झेपत नाही हा समज किती उथळ आहे, हे यातून दिसते.

परंतु दुसरी प्रतिक्रिया अधिक अडचणीची होती, आणि ती एकट्यादुकट्याची नव्हती. "हे आपले बाबासाहेब वाटत न्हाईत. तोंडवळा जुळत न्हाई." गोंड शैलीतला एका बाजूने काढलेला चेहरा आणि मोठा डोळा त्यांना खटकला. कलेची जाण नाही असे म्हणून ही तक्रार झटकणे सोपे आहे. मी ती झटकू इच्छित नाही. मराठवाड्यात बाबासाहेबांची प्रतिमा ही शोभेची वस्तू कधीच नव्हती. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात त्यांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. ज्या जिल्ह्यात प्रतिमेसाठी ही किंमत मोजावी लागते, तेथील माणूस चेहरा हुबेहूब मागतो तेव्हा तो आपला हक्क शाबूत आहे की नाही हे पाहत असतो.

तरीही चित्रकाराच्या बाजूने मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. तसबिरीतले बाबासाहेब विजयी आहेत. कोट, चष्मा, हातात ग्रंथ. मसूर स्टेशनावर उतरून गोरेगावला निघालेला, दुप्पट भाडे देऊनही रात्रभर पाण्यावाचून राहिलेला १९०१ सालचा मुलगा त्या तसबिरीत नाही. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून ज्यांच्या अंगावर लोक धावून आले, ते प्रवासीही नाहीत. ही दुसरी घटना तर आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या निजामी राज्यात घडली. व्याम दांपत्याने तसबिरीच्या आधीचा हा माणूस काढला. मासा झालेल्या मुलापाशी आमची शाळकरी मुले थबकली. त्यांनी चेहऱ्याची तक्रार केली नाही. त्यांना तहान कळली होती.

'भीमायन'ची खरी मर्यादा मला दुसरीकडे दिसते. पुस्तक सुरू होते ते बसथांब्यावर. एक तरुण राखीव जागांविषयी कुरकुर करतो आणि एक स्त्री त्याला बाबासाहेबांची कथा सांगते. खैरलांजीची, २००६ सालची, आठवण देते. म्हणजे सारी कथा त्या कुरकुरणाऱ्याला पटवण्यासाठी आहे. आपला वाचक हे संभाषण शेजारी उभा राहून ऐकतो. आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्याला नाही पटलं तर पुस्तक वाया गेलं का?" मला या प्रश्नात पुस्तकाची सगळी समीक्षा आली असे वाटते. दुःखाची साक्ष दरवेळी दुसऱ्याच्या न्यायासनापुढेच द्यायची असेल, तर चौकोन पानावरून गेला तरी मनात उरतो.

त्यातून पाण्याचा प्रश्नही अर्धाच मांडला जातो. पुस्तकात आजच्या अत्याचारांची वर्तमानपत्री कात्रणे आहेत, आणि ती हवीच होती. परंतु पाणी तेथे मुख्यतः स्पर्शाचे आहे. येलदरीचा वाचक पूर्णेवरच्या धरणाच्या सावलीत राहतो. १९६८ साली पूर्ण झालेल्या या धरणावर वीज होते, पाटाने पाणी जाते. एका मजुराने विचारले, "पाट शेताला जातो, ज्याला शेतच न्हाई त्याचं काय?" २० मार्च १९२७ रोजी महाडला ओंजळीने घेतलेल्या पाण्याचा हाच पुढचा अर्थ आहे. तो भूमिहीनतेपर्यंत नेणारे चित्र अद्याप कोणी काढलेले नाही.

हे काम व्याम दांपत्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपल्या परंपरेचा कस लावून रूपाचा मार्ग मोकळा केला. आपल्याकडे चौदा एप्रिलला वस्तीच्या भिंती रंगवणारी मुले आहेत, आणि जलशांनी घडवलेली सांगण्याची रीत आहे. या दोहोंना एकत्र आणून मराठीत चित्रपुस्तक काढले पाहिजे. त्याची सुरुवात बसथांब्यावरच्या तरुणाच्या कुरकुरीने होऊ नये. पाटाच्या कडेला उभ्या असलेल्या मजुराच्या प्रश्नाने व्हावी.