'मूक' उत्परिवर्तन : एका शब्दाची उलटतपासणी

आनुवंशिकता शिकवताना फळ्यावर एक तक्ता हमखास येतो. ए, यू, जी, सी या चार अक्षरांच्या तीन-तीनच्या ६४ त्रयी आणि त्यांच्यासमोर २० अमिनो आम्ले. निरेनबर्ग, खोराना आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून १९६६ पर्यंत हा तक्ता पूर्ण झाला. आमची तक्रार तक्त्याबद्दल नाही. त्यावरून सर्रास काढल्या जाणाऱ्या एका निष्कर्षाबद्दल आहे.

तीन त्रयी वाक्य थांबवण्यासाठी राखीव आहेत. उरलेल्या ६१ त्रयी २० आम्लांत वाटल्या गेल्यामुळे एकाच आम्लाच्या वाट्याला अनेकदा दोन, चार, कधी सहाही त्रयी येतात. यूयूसी आणि यूयूयू या दोहोंचा अर्थ फिनिलॲलनिन. तेव्हा तिसऱ्या जागी सीऐवजी यू आले तरी प्रथिन तेच. येथपर्यंत सारे बरोबर. पण लगेच पुढचे वाक्य येते : म्हणून अशा बदलाचा सजीवावर काहीच परिणाम होत नाही, यास मूक उत्परिवर्तन म्हणतात. प्रथिनातील आम्लांचा क्रम बदलत नाही, एवढेच तक्त्याने सिद्ध होते. 'सजीवावर परिणाम नाही' ही त्यापुढची उडी आहे आणि ती किती फसवी असू शकते, हे एका आजाराने दाखवून दिले आहे.

स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या आजारात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मेरुरज्जूतील चेतापेशी मरत जातात. तीव्र प्रकारात उपचार व श्वसनाला आधार न मिळाल्यास बहुतेक मुले वयाची दोन वर्षेही पुरी करत नाहीत. १९९५ साली फ्रान्समधील जुडिथ मेल्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराशी निगडित एसएमएन-१ हे जनुक शोधले. पाचव्या गुणसूत्रावर त्याच्या शेजारीच त्याचे जुळे भावंड आहे, एसएमएन-२. रुग्णांत पहिले जनुक बहुधा गहाळ असते, दुसरे मात्र जागेवर असते. तक्त्यानुसार दोन्ही जनुकांचे प्रथिन तंतोतंत एकच. मग हे भावंड मदतीला का धावत नाही?

कळीचा फरक सातव्या एक्झॉनमधील सहाव्या अक्षरात आहे. आरएनएमध्ये पाहिले तर एसएमएन-१ मध्ये यूयूसी, एसएमएन-२ मध्ये यूयूयू. म्हणजे वर घेतलेलेच उदाहरण. हे एक अक्षरच निर्णायक आहे, हे लॉर्सन, अँड्रोफी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले.

याचे कारण असे, की रायबोसोम हा आरएनएचा एकमेव वाचक नाही आणि पहिला तर नाहीच. आपली बहुतेक जनुके तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असतात, हे शार्प आणि रॉबर्ट्स यांच्या गटांनी १९७७ साली शोधले. आरएनए केंद्रकातून बाहेर पडण्यापूर्वी त्यातील इंट्रॉन कापून टाकले जातात आणि एक्झॉन एकमेकांना जोडले जातात. कोणता तुकडा ठेवायचा, हे ठरवण्यात आरएनएवर येऊन बसणाऱ्या प्रथिनांचा मोठा हात असतो. या प्रथिनांना त्रयींशी किंवा अमिनो आम्लांशी काही देणेघेणे नसते. ती अक्षरांचे लहान लहान क्रम ओळखतात.

कार्टेग्नी आणि क्रेनर यांनी २००२ मध्ये दाखवले, की 'हा एक्झॉन ठेवा' असे सुचवणाऱ्या एसएफ-२ या प्रथिनाची बसण्याची जागा या बदलामुळे बिघडते. २००३ मध्ये काशिमा आणि मॅन्ली यांनी वेगळा पुरावा मांडला : त्याच बदलामुळे 'हा एक्झॉन वगळा' असे सुचवणाऱ्या प्रथिनासाठी नवी जागा तयार होते. कशाचा वाटा किती, यावर वाद झाला. पण अक्षर बदलल्याने आरएनएवर कोणते प्रथिन बसणार ते बदलते, यावर दोघांचे एकमत होते. परिणामी एसएमएन-२ च्या बहुतांश संदेशांतून सातवा एक्झॉन वगळला जातो आणि पूर्ण लांबीचे प्रथिन जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास तयार होते.

वर्गात हे सांगताना वृत्ताचे उदाहरण कामी येईल. श्लोकात 'जल'च्या जागी 'पाणी' घातले तर अर्थ तोच राहतो, पण दोन लघूंच्या जागी दोन गुरू येऊन वृत्त मोडते. अर्थ पाहणाऱ्याला काही खटकत नाही. गण मोजणाऱ्याच्या ते तत्काळ ध्यानात येते. रायबोसोम अर्थ पाहतो, ही प्रथिने गण मोजतात.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. याच जनुकाच्या सातव्या इंट्रॉनमध्ये, एक्झॉन वगळायला लावणारी एक छोटी जागा नतालिया सिंग, रवींद्र सिंग व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शोधली. त्या जागेवर चिकटून तेथे प्रथिनांना बसू न देणारा १८ अक्षरांचा कृत्रिम तुकडा म्हणजे नुसिनर्सेन हे औषध. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. 'बदल मूक आहे' असे म्हणून सारे थांबले असते, तर या वाटेने कोणी गेलेच नसते.

आपल्याकडचे उदाहरणही हाताशी आहे. भारतात बीटा थॅलसेमियाचे सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरात आहे : जीऐवजी सी. इंट्रॉन प्रथिनात उतरतच नाही. तक्त्यात तर त्याला जागाच नाही. पण कापण्याची जागा हेरणाऱ्या यू-१ या छोट्या आरएनएशी तेथील जोडी जुळत नाही, काटछाट चुकते आणि निरोगी ग्लोबिन कमी पडते.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. यीस्टच्या २१ जनुकांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने सुमारे तीन चतुर्थांश समानार्थी बदल अपायकारक ठरवले. पुढच्याच वर्षी, एवढ्या निष्कर्षाला पुरावा अपुरा आहे, अशी टीका त्याच नियतकालिकात इतर शास्त्रज्ञांनी केली. आम्हाला ती टीका रास्त वाटते. प्रत्येक माणसाच्या जीनोममध्ये असे लाखो छोटे फरक असतात आणि त्यांतील बहुतेकांचा कोणताही परिणाम जाणवत नाही. तपासणीचा अहवाल हाती घेऊन आलेल्या पालकांना उगाच घाबरवणे हे खोटा दिलासा देण्याइतकेच वाईट.

म्हणून शिक्षकांनी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, असे आम्ही सुचवतो. पहिला : या बदलाने अमिनो आम्ल बदलेल का? याचे उत्तर तक्ता देतो. दुसरा : या बदलाचा परिणाम होईल का? याचे उत्तर तक्ता देऊ शकत नाही, ते प्रयोगानेच मिळते. 'मूक' हा शब्द दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच प्रश्नात उरकून टाकतो. त्याऐवजी 'समानार्थी बदल' म्हणावे. उत्तरपत्रिकेत एखाद्या विद्यार्थ्याने 'आम्ल बदलणार नाही, परिणामाबद्दल एवढ्यावरून सांगता येत नाही' असे लिहिले, तर त्याचे गुण कापू नयेत. पूर्ण गुणांचे उत्तर तेच आहे.