ट्रे पडला रे पडला!

मालिकेतल्या घरात कुणी काही महत्त्वाचं सांगणार असेल, तर आधी एखाद्या बाईच्या हातात ट्रे द्यावा लागतो. ट्रेमध्ये काचेचेच ग्लास हवेत. स्टीलचे चालत नाहीत; ते पडले तरी घरंगळत सोफ्याखाली जातात आणि प्रसंगाचं गांभीर्यही त्यांच्याबरोबर जातं. मग घरातलं मूल म्हणतं, ‘‘आई, बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी मुलगा नाही, मुलगी आहे.’’ विजा कडाडतात. ट्रे पडतो. कॅमेरा आईवर तीनदा, बाबांवर तीनदा, आत्यावर तीनदा आणि ज्या मोलकरणीचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही तिच्यावरही एकदा जातो. पुढचं सोमवारी.

आमच्या घरात अशा वेळी आई हटकून विचारते, ‘‘अरे, पण ते पोर गेलं कुठे? सांगितलं त्यानं, आणि चेहरे हे कसले सगळ्या गावाचे दाखवताहेत?’’

माझी आई शहात्तर वर्षांची आहे आणि तिने समीक्षेवरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. मीही नाही. मी बी.कॉम., सेकंड क्लास, आणि गेली बावीस वर्षं एका बँकेच्या काउंटरमागे बसतो. पण प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, जमा आणि नावे, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. मालिकावाल्यांच्या खतावणीत या प्रसंगाची फक्त नावे बाजू भरलेली असते. आईचं स्वप्न गेलं, बाबांची अब्रू गेली, आत्याच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न गेलं. जिने सांगितलं तिला काय मिळालं, ते एक वाक्य तिने आरशासमोर किती वर्षं घोकलं, ती जमेची बाजू कोरी. मी असा ताळेबंद नेला असता, तर साहेबांनी तो माझ्या अंगावर फेकला असता.

काही मालिकांत तर सांगायचं कामही त्या व्यक्तीकडे ठेवत नाहीत. ‘कलर्स’वर ‘शक्ती : अस्तित्व के एहसास की’ ही मालिका 2016 ते 2021 अशी पाच वर्षं चालली. रुबिना दिलैकने केलेली तिची नायिका सौम्या किन्नर आहे, आणि लग्न होईपर्यंत ते तिला स्वतःलाच माहीत नाही! आपलंच गुपित आपल्याला शेवटी कळायचं, म्हणजे खातं आपलं आणि पासबुक शेजाऱ्याकडे. तरी एक गोष्ट कबूल करतो. सासवा-सुनांनी एकत्र बसून हा विषय पाच वर्षं पाहिला, हे काही थोडं नाही. आमच्याकडे त्याआधी तो विषय निघाला की कुणीतरी आवाज बंद करायचं.

मग 2023 साली ‘ताली’ आली. दिग्दर्शक आपले रवी जाधव, आणि गोष्ट श्रीगौरी सावंत यांची. त्यांचं बालपण पुण्यातलं, नाव गणेश, वडील पोलीस खात्यात. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयलिंगी ही ओळख मान्य केली, त्या खटल्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. सुश्मिता सेनची भाषणं ऐकून सौ.ने दोनदा डोळे पुसले. मी एकदाच पुसले, पण लांबवर पुसले. आई मात्र लहान गणेश झालेल्या कृतिका देवकडे आणि बाप झालेल्या नंदू माधवांकडे बघत होती. ‘‘कोर्टात बोलणं सोपं रे,’’ ती म्हणाली, ‘‘बापाशी बोलणं अवघड.’’ सहा भागांच्या मालिकेचं एवढं नेमकं परीक्षण मी पेपरात वाचलं नाही.

आता साहेबांच्या देशात काय चालतं तेही पाहू. (कुणीतरी आमच्या टीव्हीवर एकाच वेळी सगळी दुकानं उघडून दिली आहेत. सुरू कशी होतात ते मला समजतं, बंद कशी करायची ते चिरंजीवांना.) 2014 साली ‘ट्रान्सपेरंट’ नावाची अमेरिकन मालिका आली. लॉस एंजेलिसमधले निवृत्त प्राध्यापक तीन मोठ्या मुलांना जेवायला बोलावतात. त्यांना सांगायचंय की मी आतून कायम बाईच होते. पण मुलं तोंडाला चटणी फासून खातात, बाबांना कॅन्सर झाला की काय असा तर्क लढवतात, आणि घर कुणाला मिळणार यावर गाडी घसरते. बाबा गप्प. तिथे कुणाचा ट्रे पडत नाही, कारण बातमीच बाहेर पडत नाही! मला हा प्रसंग फार खरा वाटला. आपल्याकडेही घराच्या वाटणीपुढे बापाला तोंड उघडायला मिळत नाही. ही भूमिका जेफ्री टॅम्बर या पुरुष नटाने केली, आणि 2016 साली तिचंच एमी घेताना, अशी भूमिका करणारा मी शेवटचा पुरुष ठरलो तरी चालेल, अशा अर्थाचं तोच बोलला. दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेल्याने ते स्वतःच कबूल करणं आमच्या खात्यात तरी दुर्मिळ.

उलट टोक म्हणजे ‘अम्ब्रेला अकॅडमी’. एलियट पेजने 2020 च्या डिसेंबरात आपण ट्रान्सजेंडर असल्याचं जाहीर केलं, आणि 2022 च्या भागांत त्याचं पात्रही व्हिक्टर झालं. केस कापून येतो, भावंडांना नाव सांगतो, भावंडं ‘बरं’ म्हणून पुढच्या कामाला लागतात. दोन मिनिटं पुरी. कारण जग बुडायला आलेलं असतं.

‘‘जग बुडायला लागलं की माणसं शहाणी होतात,’’ आई म्हणाली.

पण जग रोज बुडत नाही, आणि ट्रेही रोज पडत नाही. मग रोज काय होतं? त्याचं उत्तर मला टीव्हीवर नाही, काउंटरवर मिळालं.

एप्रिल 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं होतं, की सगळ्या अर्जांत तृतीयलिंगी असा रकाना ठेवा. आम्ही ते फाइलला लावलं. डोक्याला लावायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी एक सत्तरीचे गृहस्थ आणि पंचविशीची एक मुलगी नाव बदलण्याचा अर्ज घेऊन आली. राजपत्राची प्रत, दाखला, सगळं टाचणी लावून व्यवस्थित. मी सवयीने पासबुकावरचं जुनं नाव खणखणीत आवाजात पुकारलं आणि वर विचारलं, ‘‘हे कुठे आहेत? सहीला त्यांना आणा.’’ सगळी रांग वळून बघायला लागली. मुलीने मान खाली घातली.

गृहस्थ म्हणाले, ‘‘साहेब, ते पासबुकातलं नाव. ही माझी मुलगी. हिचं नाव...’’ आणि अडखळले. त्यांनाच आठवेना. एक सेकंद, दोन सेकंद. अर्जाकडे पाहून त्यांनी नाव उच्चारलं, थोडं चुकीचं. मुलीने कोपराला हात लावला, तेव्हा पुन्हा, नीट. विजा नाहीत, संगीत नाही. मागून एक पेन्शनर मात्र ओरडले, ‘‘अहो, आटपा की! मला हयातीचा दाखला द्यायचाय!’’

मनात म्हटलं, आजोबा, इथेही तेच काम चाललंय.

मी माफी मागितली. गृहस्थ म्हणाले, ‘‘अहो, असू द्या. माझं दिवसातून चारदा चुकतं. आधी दहादा चुकायचं.’’

मालिकावाल्यांनो, हा भाग दाखवा. ट्रे पडला, फरशी पुसली, आता दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला हाक कुठल्या नावाने मारायची? दहा चुकांवरून चारावर यायला बापाला किती महिने लागले, आणि तोवर त्या मुलीने किती वेळा ऐकून न ऐकल्यासारखं केलं? तुमच्याकडे तर एका मंगळागौरीला तीन आठवडे असतात.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. आई म्हणाली, ‘‘नाव नीट लिहिलंस ना?’’

लिहिलं. आमच्या जमाखर्चात ‘नावे’ म्हणजे गेलेलं. त्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा मी एक नाव जमेच्या बाजूला लिहिलं.